अकरा ते साडेबारा, गाढ झोप

माझ्या ब्यूरोत चाळीस बाया कामाला आहेत आणि त्या चाळिसांत मी फक्त एकीला वचकून असायचे. वहीबाईंना. रजिस्टरात त्यांचं खरं नाव आहे, पण ते उघडून बघितल्याशिवाय मलाही सांगता यायचं नाही. आमचं काम म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसांची त्यांच्या घरी जाऊन देखभाल करणं. मी स्वतः नर्स होते, तिशीतच वॉर्डाची नोकरी सोडून हा उद्योग मांडला, म्हणून सगळे मला अजून सिस्टर म्हणतात. महिन्यातून एकदा मी प्रत्येक घरी फेरी मारते. बाकीच्या बाया मला बघून उठून उभ्या राहतात. वहीबाई बसल्या जागेवरून म्हणायच्या, "सिस्टर, चप्पल बाहेर. आणि मागच्या खेपेला तुम्ही शर्टाच्या बाहीवरूनच ब्लडप्रेशर घेतलंत. मी पुन्हा घेऊन वहीत लिहिलंय."

वहीत लिहिलंय म्हटल्यावर विषय संपायचा.

ही वही म्हणजे आमच्या धंद्यातली साधी गोष्ट. पलंगाच्या पायथ्याशी दोरीनं टांगलेली असते, सोबत बॉलपेन. किती वाजता औषध, किती वाजता कूस बदलली, किती पाणी प्यायले, कधी झोपले. घरचे लोक कामावरून आले की आधी वही उघडतात आणि मग आजाऱ्याकडे बघतात. मी त्यात एकच कडक नियम घातला होता, खाडाखोड चालणार नाही. खोडलेलं दिसलं की घरच्यांना वाटतं काहीतरी लपवलंय, आणि मग फोन मला येतो. म्हणून खाडाखोड दिसली की मी पानावर लाल फुली मारायचे, आणि तीन फुल्या झाल्या की बाईचं घर काढून घ्यायचे. वहीबाईंच्या सत्तावीस वर्षांत एकही फुली नाही. नव्या बायांना शिकवताना मी त्यांची एक जुनी वही टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "बघा, अशी."

आता एक गोष्ट सांगते, जी आमच्यातली प्रत्येक बाई जाणते आणि एकही बोलत नाही. वही आधीच भरतात. सकाळी अंग पुसून, चादर बदलून, नाश्ता भरवून झाला की हात जरा कोरडे असतात. तेव्हाच बसून संध्याकाळपर्यंतचं लिहून टाकायचं. नंतर हात तेलात, पावडरीत आणि नको त्या घाणीत असतात, आणि पडून असलेल्या माणसाचा आजचा दिवस कालच्यासारखाच जातो. नाहीच तसा गेला तर? तर खोडायचं नाही, कारण सिस्टर फुली मारतात. मला हे ठाऊक होतं. वॉर्डात असताना मीही तेच केलं होतं. ठाऊक असून डोळ्यांवर कातडं ओढलं आणि वर नियमाचा टेंभा मिरवला.

वहीबाईंबद्दल आणखी एक सांगायला हवं. त्या बावीस वर्षांच्या असताना त्यांचे वडील गेले. महिन्याभरात दोघे भाऊ एक छापील कागद घेऊन सासरी आले. वहीबाई अंगणात कपडे वाळत घालत होत्या. "तायडे, इथे सही कर, बँकेचं काम आहे." ओले हात पदराला पुसून त्यांनी सही केली. तो कागद हक्कसोडीचा होता. वडिलांच्या घरातला आपला हिस्सा त्यांनी राजीखुशीनं सोडला होता म्हणे! चार वर्षांनी नवरा गेला, माहेरची वाट धरली, तेव्हा भावांनी दारातच तो कागद समोर धरला. "वाचला नाहीस त्याला आम्ही काय करणार?" तेव्हापासून बाईंनी कानाला खडा लावला. माझ्याकडे लागताना ब्यूरोचा साधा एका पानाचा फॉर्म त्यांनी अर्धा तास वाचला आणि त्यातल्या दोन चुका मला दाखवल्या. मी त्या दुरुस्त केल्या, पण मनातून चरफडले.

अशा बाईला चष्मेवाल्या काकांनी आपल्या मृत्युपत्राला साक्षीदार केलं.

चष्मेवाले काका म्हणजे बाजाराच्या रस्त्यावरचं चष्म्यांचं जुनं दुकान. खाली दुकान, वर दोन खोल्या. अंगावरून वारं गेल्यापासून ते वरच्या खोलीत पडून होते. डावी बाजू गेली होती, उजवा हात आणि डोकं मात्र शाबूत. धाकटी लेक खाली दुकान चालवायची. तिनं लग्न केलं नाही, सोळा वर्षं गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेमा बसवत राहिली आणि दर तासाला जिना चढून बापाला बघून जायची. थोरला मुलगा दूर मोठ्या नोकरीत, वर्षातून दोनदा येणारा. तो वाईट माणूस नाही, हे मी आत्ताच सांगते. आणायचा त्यातलं काही वहीबाईंसाठीही असायचं.

एका मंगळवारी काकांचा जुना दोस्त, पलीकडच्या गल्लीतला घड्याळवाला, टाइप केलेला एक कागद घेऊन वर आला. एकच पान होतं. काकांनी सांगितलेलं त्यानं लिहून घेतलं होतं. लेकीला काकांनी मुद्दाम वर येऊ दिलं नाही. घड्याळवाल्यानं कागद मोठ्यानं वाचला. मग वहीबाईंनी तो आपल्या हातात घेऊन पहिल्या अक्षरापासून वाचला. दुकान आणि वरच्या खोल्या धाकटीला. थोरल्याला जे द्यायचं ते आधीच दिलं आहे. वहीबाईंनी विचारलं, "काका, हे तुम्हालाच हवंय ना? कुणी सांगितलं म्हणून नाही ना?" काका म्हणाले, "तू वकील कधीपासून झालीस?" मग त्यांनी सही केली, दोघांनी ती होताना बघितली, आणि मग त्यांच्या देखत दोघांनी आपापल्या सह्या केल्या. घड्याळवाल्याला दुरुस्तीच्या पावतीवर वेळ टाकायची सवय. त्यानं सहीखाली तारीख घातली आणि लिहिलं, 'सकाळी सव्वा अकरा.'

पलंगाच्या पायथ्याशी वही होती. तिच्यात त्या दिवसाच्या पानावर सकाळी नऊ वाजताच लिहून झालं होतं, 'अकरा ते साडेबारा, गाढ झोप.'

वहीबाईंनी ते खोडलं नाही.

आठ महिन्यांनी, एका दुपारी, काका गेले. धाकटी त्या वेळी एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या घरी चष्मा पोचवायला गेली होती. परत आली तेव्हा सगळं संपलं होतं. ती वेड्यासारखी झाली. मी गेले तेव्हा ती पलंगाशी बसून वही वाचत होती. 'दोन ते चार, शांत झोप.' तिनं ते मला वाचून दाखवलं, येणाऱ्या प्रत्येकाला दाखवलं. "झोपेतच गेले हो. मी असते तरी त्यांना कळलं नसतं." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं, हो गं बाई, झोपेतच.

आणि मला माहीत होतं की ते खोटं आहे. कारण साडेतीनला वहीबाईंचा मला फोन आला होता. काका कसे गेले ते त्यांनी मला सगळं सांगितलं होतं आणि विचारलं होतं, "सिस्टर, वहीत भलतंच लिहिलेलं आहे. खोडून खरं लिहू का?" मी म्हटलं होतं, "आता माणूस गेल्यावर खाडाखोड? लोक काय समजतील? आहे तसं राहू द्या, आणि घरच्यांना काही बोलू नका." हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात घड्याळवालाही गेला. थोरल्यानं वडिलांचे कागद दोन पिशव्यांत भरून नेले होते, त्यात आमच्या वह्याही गेल्या. मग घड्याळवाल्याकडे ठेवलेलं मृत्युपत्र बाहेर आलं आणि भावानं बहिणीवर कोर्टात दावा लावला. वडील शुद्धीत नव्हते, सही त्यांची नाही, असेल तर झोपेच्या गुंगीत घेतलेली. मला वाटतं दुकानापेक्षा त्याला ते एक वाक्य लागलं होतं. जे द्यायचं ते आधीच दिलं आहे. बापाच्या शेवटच्या कागदावर मुलासाठी एवढंच, आणि तेसुद्धा नावाशिवाय. मलाही लागलं असतं.

साक्षीला एक आठवडा राहिला तेव्हा धाकटीचे वकील ब्यूरोत आले. बुटके, घामाघूम गृहस्थ, बसायच्या आधीच बोलायला लागले. त्यांनी वहीच्या त्या पानाची नक्कल टेबलावर ठेवली. वहीबाई समोर बसल्या होत्या.

"कायदा साधा आहे," ते म्हणाले. "दोन साक्षीदारांपैकी निदान एकानं येऊन सांगावं लागतं की सही होताना मी बघितली. एक वर गेले. उरलात तुम्ही. आणि तुमचीच वही म्हणते की सव्वा अकराला म्हातारा घोरत होता. हे काय आहे?"

वहीबाईंनी नक्कल वाचली. चेहरा उतरला. "सही मी बघितली आहे," त्या म्हणाल्या. "वही सकाळीच भरली होती."

वकिलांनी डोकं धरलं. "असं म्हणालात तर तो समोरचा तुमच्या चिंध्या करेल. वहीत खोटं लिहिणारी बाई पिंजऱ्यात खरं कशावरून बोलते, असं विचारेल. नाही म्हणालात तर मृत्युपत्र गेलं. तुमचं तुम्ही बघा, काय बोलायचं ते मी शिकवणार नाही."

ते गेल्यावर मी मात्र शिकवलं. दार लोटून घेतलं आणि म्हटलं, "वहीबाई, आठवत नाही म्हणा. दोन वर्षं झाली, तुमचं वय अठ्ठावन्न, कोण दोष देणार आहे? वही आधी भरतात हे एकदा कोर्टात बोललात की तुम्ही तर संपलातच, पण माझ्या चाळीस बायांच्या चुलीत पाणी पडेल. कुठलं घर आपल्यावर भरवसा ठेवेल?"

"आणि धाकटीचं घर?"

"अर्धं तिला मिळेलच की. वारस आहे ती."

"दुकान विकून, सिस्टर. अर्धं म्हणजे विकून." त्या उठल्या, पदर खोचला. "माझ्या वेळी मी सही केली होती, वाचलं नव्हतं. या वेळी वाचलंय."

त्या काय बोलणार हे मला त्या आठवड्यात कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं. सत्तावीस वर्षं त्या बाईकडे दुसरं काय होतं? बहिणीच्या स्वयंपाकघरामागची एक खोली, एक पत्र्याची ट्रंक, आणि हे नाव. वहीबाई. डॉक्टरसुद्धा विचारायचे, वहीबाई आहेत ना, मग काळजी नाही. ते नाव आपल्या हातानं पुसायला मी तरी गेले नसते.

कोर्टाची खोली उंच होती आणि पंखा प्रत्येक फेऱ्याला टकटक करत होता. मी तिसऱ्या बाकावर. पुढे उजवीकडे धाकटी, डावीकडे थोरला, पायाशी त्याच त्या दोन पिशव्या घेऊन. दोघांच्या मध्ये चार हात जागा आणि दोघंही समोर बघत होते. वहीबाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. शपथ घेतली. धाकटीच्या वकिलांनी विचारलं ते सांगितलं, कागद वाचला, सही बघितली, मग मी सही केली. मग थोरल्याचे वकील उठले. उंच, शांत, आवाज असा गोड की ऐकताना धडकी भरावी.

"बाई, किती वर्षं हे काम करता?"

"सत्तावीस."

"लोक तुम्हाला काय म्हणतात?"

"वहीबाई."

"का बरं?"

"वही नीट ठेवते म्हणून."

"ब्यूरोत नव्या बायांना तुमचीच वही दाखवतात, खरं ना? एकही फुली नाही म्हणे."

"नाही."

तो माणूस त्यांना कौतुकानं एकेक पायरी वर चढवत होता, आणि वरून ढकलणार होता हे त्या खोलीत सगळ्यांना दिसत होतं. त्यानं पिशवीतून वही काढली. आमचीच वही, पुठ्ठ्याची, भोकातून अजून दोरी लोंबत होती. त्यानं ती वहीबाईंच्या हातात दिली.

"मंगळवारचं पान. अक्षर तुमचंच?"

"माझंच."

"अकराच्या पुढे काय लिहिलंय ते साहेबांना वाचून दाखवा."

वहीबाईंनी वाचलं. आवाज नीट होता. "अकरा ते साडेबारा, गाढ झोप."

"आणि मृत्युपत्रावर वेळ आहे सव्वा अकरा. तर गाढ झोपेतल्या माणसानं सही केली कशी, एवढंच मला सांगा. सही खोटी की वही खोटी?"

पंखा टकटकत राहिला. मी बाकाची कड घट्ट धरली होती आणि मनात घोकत होते, आठवत नाही म्हणा, आठवत नाही म्हणा. माझी मलाच लाज वाटत होती, तरी घोकत होते. धाकटीची मान खाली गेली.

मला वाटतं त्या वेळेपर्यंत वहीबाई माझंच ऐकणार होत्या. त्यांचे ओठ हलले होते. पण त्यांचा अंगठा पानावर होता. आमच्या बाया पाठीवरच्या जखमा डोळ्यांनी शोधत नाहीत, बोटांनी शोधतात. चादरीत सुरकुती पडली तरी बोट थांबतं. वहीबाईंचा अंगठा त्या ओळीवरून फिरला आणि थांबला. परत फिरला. मग त्यांनी मान वर केली.

"वही खोटी," त्या म्हणाल्या.

खोलीत कुजबुज झाली. गोड आवाजाच्या वकिलांनी भुवया उंचावल्या. "म्हणजे तुम्ही खोटं लिहिलंत?"

"हो. सकाळी नऊला लिहिलं. दिवसभराचं आधीच लिहून ठेवते."

"त्याच दिवशी?"

"नाही. रोज."

"सत्तावीस वर्षं?"

"सत्तावीस वर्षं. औषधं दिल्यावरच लिहायचे. झोप आणि कूस आधी लिहायचे. खाडाखोड चालत नाही, म्हणून नंतर बदललं नाही."

मागच्या बाकावर कुणीतरी "बघा" असं म्हणालं. धाकटीची पाठ ताठ झाली होती, पण ती वळली नाही. मला तेव्हा वाटलं, सुटकेमुळे.

"वा," वकील म्हणाले. "म्हणजे तुमचा प्रत्येक दिवस थाप. आणि या कोर्टानं आज मात्र तुमच्यावर विश्वास ठेवायचा. कशाच्या जोरावर?"

"या पानाच्या जोरावर. साहेब, इथे जरा बोट फिरवून बघा."

त्या थेट न्यायाधीशांशी बोलत होत्या. "काकांच्या पाठीला जखम होती. त्या दिवशी ते कुशीवर होते. कागदाला खाली टेकू हवा होता, म्हणून मी हीच वही या पानावर दुमडून खाली धरली. ते सही फार दाबून करायचे. एकच हात उरला होता ना, सगळा जोर त्यातच." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मी हे विसरले होते. आत्ता बोटाला लागलं."

न्यायाधीशांनी वही मागवली. चष्मा काढला, पुन्हा लावला, उठून खिडकीशी गेले. पान तिरपं धरलं. आम्हाला लांबून फक्त पांढरा कागद दिसत होता. त्यांनी मृत्युपत्र मागून घेतलं आणि शेजारी धरलं. मग मुलाच्या वकिलांना जवळ बोलावलं. त्यांनी वाकून बघितलं. 'गाढ झोप' या अक्षरांवरून काकांची सही गेली होती. शाई नव्हती, नुसता वळ.

"हे नंतरही कुणी उमटवलं असेल," वकील शेवटी म्हणाले.

"वही तुमच्याकडेच होती साहेब," वहीबाई म्हणाल्या. "तुम्हीच आणलीत."

वही आणि मृत्युपत्र तपासणीला गेलं. अक्षरतज्ज्ञांचा अहवाल यायला तीन महिने लागले. माझ्याकडे तेवढा वेळ नव्हता. दुसऱ्याच दिवसापासून फोन सुरू झाले. सिस्टर, आमच्या आईची वहीपण तशीच का? सिस्टर, तीच बाई आमच्याकडे होती ना? आठवड्याभरात सहा घरं सुटली. मी वहीबाईंना बोलावलं. टेबलावरची त्यांची वही मी आधीच कपाटात टाकली होती, आणि त्यांची नजर आल्याआल्या त्या रिकाम्या जागेकडे गेली.

"थोडे दिवस घरी बसा," मी म्हटलं. "वातावरण निवळू दे."

त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. "फुली मारलीत ना, सिस्टर?" एवढंच म्हणाल्या. मी फोन वाजतोय असं दाखवून रिसीव्हर उचलला. फोन वाजत नव्हता, आणि ते त्यांना ऐकू येत होतं.

निकालाच्या दिवशी मी गेले. का गेले, सांगता येत नाही. वहीबाईही आल्या होत्या, मागच्या बाकावर, हातात कापडी पिशवी. निकाल पाच मिनिटांत झाला. सही काकांची, वळ शाईनंतरचा, मृत्युपत्र खरं. दुकान आणि वरच्या खोल्या धाकटीच्या. सगळे व्हरांड्यात आले. धाकटी आनंदली नव्हती. ती वहीबाईंपासून दोन पावलांवर येऊन थांबली, पुढे येईना. मी म्हटलं, अगं, तिचे पाय धर, तुझं घर राखलं तिनं. पण ती नुसती बघत होती, आणि मला काही उमगेना.

उमगवलं थोरल्यानं. तो पिशव्या घेऊन बाहेर आला, आमच्याजवळून पुढे गेला, आणि परत फिरला.

"दुकान तुझं," तो बहिणीला म्हणाला. "दिलं. पण बाबा गेले त्या दिवशी तू मला फोनवर वाचून दाखवलं होतंस. दोन ते चार, शांत झोप. मी तेवढ्यावर दिवस काढले. ते किती वाजता लिहिलं होतं, विचार हिला. सकाळी नऊला?" त्याचा आवाज चिरकला. आरडाओरडा करायला आला होता, पण जमेना त्याला.

धाकटीनं विचारलं नाही. फक्त म्हणाली, "मावशी?" तीन महिने ती हेच उराशी घेऊन बसली होती, हे मला तेव्हा कळलं.

वहीबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग तिच्याकडे. "सकाळीच लिहिलं होतं, ताई. ते झोपले नव्हते."

धाकटीनं तोंडावर हात धरला.

"अडीचपासून जागे होते. श्वास लागत होता. तुम्हाला बोलव म्हणाले. मी काठी घेऊन जमिनीवर आपटली, नेहमीसारखी. खालून कुणी आलं नाही. तुम्ही चष्मा पोचवायला गेल्या होत्या. मी जिन्यातून हाका मारल्या, डॉक्टरांना फोन लावला. परत आले तर ते म्हणाले, दुकान उघडं आहे ना? मी म्हटलं, हो, उघडं आहे. तर म्हणाले, मग राहू दे, गिऱ्हाईक असेल. तिला नको उठवू." वहीबाईंनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "दादांना काय सांगू, असं मी विचारलं. म्हणाले, त्याला सांग, त्याच्या लहानपणीचा चष्मा माझ्या खणात आहे. जपून ठेवलाय."

मग थोरला हसला, ऐकवत नव्हतं असं. "आणि हे कधी भरलं, बाई? आज सकाळी नऊला?"

वहीबाईंचा चेहरा मी विसरणार नाही. सगळं गमावून त्यांनी कोर्टात खरं सांगितलं होतं, आणि आता त्यांचं कुणी खरं मानणार नव्हतं. इथे बोट फिरवून बघायला पान नव्हतं. धाकटी भावाकडे बघत होती, मग वहीबाईंकडे, आणि कुणाचं धरावं हे तिला कळत नव्हतं. वहीबाईंनी मान खाली घातली. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. एका शब्दानं घेता आलं असतं.

दोन्ही वकील दारात उभे होते. त्या घामाघूम वकिलांची आई आमच्याकडेच आहे. मला सगळं दिसत होतं, ब्यूरो, टेबल, उरलेली घरं.

"तिनं हे मला त्याच दिवशी सांगितलंय," मी म्हटलं. "साडेतीनला, फोनवर. दुकान, गिऱ्हाईक, खणातला चष्मा, सगळं याच शब्दांत. खोडून खरं लिहू का म्हणून तिनं विचारलं होतं. मी नको म्हटलं. खाडाखोड नको म्हणून. तुम्हाला सांगायचं ते मी अडवलं. तिनं नाही."

थोरला माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं हा आता मारतो. पण तो खाली बसला, तिथेच बाकावर, पिशव्या पायाशी ठेवून. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "कुठल्या खणात?"

"गल्ल्याच्या खाली," धाकटी म्हणाली. "निळी काडी आहे एका बाजूची. मला वाटायचं कुणाचा तरी राहिलाय." ती त्याच्या शेजारी बसली. दोघांच्या मध्ये अजून जागा होती, पण कमी. मग तिनं वर बघून वहीबाईंना विचारलं, "मावशी, गेले तेव्हा किती वाजले होते? नक्की किती?"

सत्तावीस वर्षांत त्या बाईला कुणी वेळ विचारावी आणि तिनं मिनिटासकट सांगावी, असंच होत आलं होतं.

"माहीत नाही, ताई," वहीबाई म्हणाल्या. "मी घड्याळाकडे बघितलंच नाही. त्यांच्याकडे बघत होते."